पाणी भरण्याचा आवाज

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून मराठी झालेले यहुदी. बाबा रेल्वेच्या नोकरीमुळे नाशिकरोडला आले. मनमाडला अपडाऊन करत त्यांनी नोकरी संपवली आणि आम्ही इथेच राहिलो. इथे सिनेगॉग नाही. वर्षातून एकदा, मोठ्या उपासाला, बाबा आम्हाला ठाण्याला घेऊन जायचे. उरलेलं वर्ष आई आमचा सगळा धर्म घरात, जिन्यात, बाजारात करायची आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने करायची.

आमच्या दाराच्या चौकटीला मेझुझा आहे. बोटाएवढी डबी, आत प्रार्थना लिहिलेली गुंडाळी. येता-जाता आई तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना. हे ती इतक्या पटकन करायची की कपाळावरचा केस मागे सारला असं वाटावं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, "काय हो, चौकटीला वाळवी लागलीय का? रोज चाचपता म्हणून म्हटलं."

"नाही हो, सवय आहे."

काकू वणीच्या. नवरात्रात गडावर पायी जाणाऱ्या. आईने त्यांना पुढे कधीतरी खरं सांगितलं असावं, कारण नंतर त्या आमच्याकडे आल्या की आधी त्या डबीला हात लावायच्या, मग कपाळाला, आणि मग म्हणायच्या, "साखर आहे का वाटीभर?"

मला हे सगळं अवघड जायचं. माझी शाळा कॉन्व्हेंट. मी मुळातच कमी बोलणारी, त्यात पहिल्याच वर्षी डबा खाताना एकीने विचारलं, "तू ख्रिश्चन आहेस?" नाही. "मग मुस्लिम?" नाही. "पारशी?" मी डब्याचं झाकण लावलं आणि पाणी प्यायला गेले. घरी येऊन आईला म्हटलं, की काय सांगायचं असतं?

"सांगायचं, आम्ही शनिवारी भांडी न घासणाऱ्यांपैकी आहोत," आई म्हणाली. "बघ, सगळ्या बायका म्हणतील आम्हालाही घ्या."

द्राक्षांचा हंगाम आला की मला आईबरोबर बाजारात जायची भीतीच वाटायची. त्या वर्षीचं पहिलं फळ खाण्याआधी आमच्यात बराखा म्हणतात, देवाचे आभार मानणारे दोन ओळींचे शब्द. आई ते घरी येऊन म्हणू शकली असती. पण गाडीवाला चवीला मणी देतो, आणि तोंडात गेलेला पहिला मणी तोच. म्हणून ती गाडीपाशीच उभी राहायची, मणी बोटांत धरून, ओठ हलवत.

"मावशी, औषध मारलेलं नाही, खा बिनधास्त," गाडीवाला म्हणाला होता. "किती वेळ बघताय?"

"बघत नाही रे. आभार मानतेय."

"माझे?"

"तुझ्या मालकाचे."

"मालक कोण? बाग मामाची हाय आमच्या."

"मग मामाचेही," आई म्हणाली आणि दुसरा मणी माझ्या हातात दिला. "म्हण." मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत नुसते ओठ हलवले. आवाज काढला नाही. आईला ते कळत होतं.

आईच्या फुप्फुसांचा आजार हळूहळू आला. आधी जिना चढताना दम, मग बोलताना, मग गप्प बसूनसुद्धा. गेल्या उन्हाळ्यात तिला शहरातल्या हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. बाबांचं हृदय अधू आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी त्यांना जिने मना केले होते आणि कसलाही धक्का बसू द्यायचा नाही असं मला बाजूला घेऊन बजावलं होतं. तेव्हा जा-ये करायला मी एकटीच. माझं काम लॅपटॉपवरचं, ते मी आईच्या पलंगाशेजारी बसून करत असे.

पहिल्याच दिवशी बाबा मला म्हणाले, "फोनवर डब्याचं बोल, औषधाचं बोल. बाकी काही सांगायचं झालं तर घरी येऊन सांग. फोनवर नको."

मी बरं म्हटलं. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ती वेळ आलीच, तर या माणसाला मी कसं सांगणार? मला साधं दुकानदाराला सुटे नाहीत म्हणून सांगायचं तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागतं.

दोन रात्री हॉस्पिटलमध्ये काढून मी एका सकाळी घरी आले. आई बरी होती. उपमा खाल्ला होता आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरही केली होती. बाबा हॉलमध्ये खुर्चीत होते. ते आपणहून कधी विचारत नाहीत, समोरचा बोलेल म्हणून थांबतात. मी इतकी थकले होते की चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात गेले. माठाच्या तळाशी बुळबुळीत झालं होतं. मी माठ मोरीत पालथा केला. मग हंडा ओतला, कारण तेही पाणी शिळंच. मग कपातीच्या दिवसासाठी भरून ठेवलेली बादली. भांडी घासून नवं पाणी भरू, एवढंच डोक्यात होतं.

बाहेर आले तर बाबा जमिनीवर बसलेले. अंगातला निळ्या चौकड्यांचा शर्ट गळ्यापासून छातीपर्यंत फाडलेला. एक बटण घरंगळत टीव्हीच्या टेबलाखाली गेलं होतं.

"कधी गेली?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

"कोण?"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"बाबा, आई बरी आहे. उपमा खाल्ला तिने. मीठ कमी होतं म्हणाली."

"मग पाणी का ओतलंस?"

"शिळं होतं."

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मग त्यांनी त्याच फाटक्या शर्टात तोंड घातलं. मी शेजारी बसले. पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला ठरवता येईना.

नंतर त्यांनी सांगितलं ते मला कोणी कधी सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात माझ्यासमोर कधी कोणी गेलंच नव्हतं. आमच्यात माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात. कोणी तोंडाने सांगत नाही. बाबा लहान असताना कोकणातल्या घरी असेच शाळेतून आले आणि अंगणात पाण्याचा ओहोळ बघितला. त्यांचे वडील आजारी होते. दाराशी कोणी काही बोललं नाही, पाण्यावरून पाय टाकून ते आत गेले. "वाईट बातमी जिभेवर घ्यायची नाही म्हणून," ते म्हणाले. "आणि दुःखात अंगावरचा कपडा फाडायचा तो आपल्या हाताने." मी घरी येऊन, काहीही न बोलता, एकामागून एक भांडी ओतली होती. फोनवर सांगू नकोस असं त्यांनीच सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी हे आईला सांगावं की नाही हा प्रश्न होता. सांगितलं. ती मास्कच्या आत हसली, मग मास्क बाजूला करून हसली.

"म्हणजे मी इथे उपमा खातेय आणि तिकडे मी गेलेसुद्धा! आणि शर्ट कुठला फाडला?"

"निळा. चौकड्यांचा."

"अगं, चांगला होता की तो! जुना एखादा फाडावा. रेल्वेचे पांढरे पडलेत कपाटात ढीगभर. या माणसाला अक्कल कधी यायची नाही." थोडा वेळ ती नुसता श्वास घेत राहिली. "आण तो. मी शिवते."

"आई, हॉस्पिटलमध्ये?"

"का? हात आजारी नाहीत माझे."

मी शर्ट नेला, सुईदोरा नेला. सिस्टर म्हणाल्या, मावशी, सुई नको, टोचून घ्याल. आई म्हणाली, "चार वेळा तुम्ही टोचता ते चालतं वाटतं?" आणि शिवायला बसली. एक टाका, मग दम, मग एक टाका. कॉलनीतल्या बायका जिच्याकडून फॉल-बिडिंग करून घ्यायच्या तिचे ते टाके नव्हते. वाकडे, कुठे दाट, कुठे विरळ.

"हे चुकून फाटलंय म्हणून लगेच शिवता येतं," दोरा तोडताना ती म्हणाली. "खरंखुरं फाडलेलं नाही शिवत. नवऱ्यासाठी, बायकोसाठी फाडलेलं महिन्याने शिवतात. आई-बापासाठी फाडलेलं नीट शिवायचंच नसतं."

"असं का?"

"मला काय माहीत! आई-बाप काय परत मिळतात?"

"मग नवरा मिळतो?"

"तो मिळतो," ती म्हणाली आणि तिला एवढं हसू आलं की सिस्टर धावत आल्या.

सिस्टर गेल्यावर तिने माझा हात धरला. "हे बघ. आता घरी गेलीस की आधी नळ सोडायचा. हंडा भरायचा. त्यांना हॉलमध्ये ऐकू गेलं पाहिजे. मग बाकीचं."

तेव्हापासून तसंच. दार उघडायचं, मेझुझाला हात, चप्पल, स्वयंपाकघर, नळ. रिकाम्या स्टीलच्या हंड्यात पाणी पडायला लागलं की आधी मोठा खणखणाट होतो, मग भरता भरता आवाज बारीक होत जातो. तो आवाज बारीक झाला की हॉलमधून बाबा विचारायचे, "काय म्हणत होती?" मग मी सांगायचे. डाळ पातळ होती म्हणाली. शेजारच्या पलंगावरची बाई घोरते म्हणाली.

अडचण एकच होती. भरलेला हंडा पुन्हा कसा भरणार? आणि ओतायची तर सोय राहिली नव्हती. म्हणून सकाळी निघण्याआधी मी हंड्यातलं पाणी तांब्याने काढून काढून गॅलरीतल्या कढीपत्त्याला आणि गवती चहाला घालत असे, आवाज न करता. परत येईन तेव्हा हंडा रिकामा पाहिजे. बाबांना हे माहीत होतं. पेपर डोळ्यांसमोर धरून ते माझ्या फेऱ्या संपायची वाट बघायचे. गवती चहा इतका माजला की काकूंना जुड्याच्या जुड्या दिल्या.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आई शब्बाथचा दिवा लावते. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन चालू, काडी ओढायचीसुद्धा बंदी. तिने मला पडदा सारायला लावला, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे तोंड केलं, दिवा असल्यासारखे दोन्ही हात त्याच्याभोवती फिरवून स्वतःकडे ओढले आणि डोळे झाकले. सिस्टरनी विचारलं, "मावशी, डोळे जळजळतात का?" आई हातांआडून म्हणाली, "पाच मिनिटं जळजळणार आहेत." घरून बाटलीतून नेलेलं मनुकांचं पाणी मी झाकणात ओतलं. आमच्यात वाइनच्या जागी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून गाळलेलं सरबत चालतं. तिने त्यात बोट बुडवून ओठांना लावलं.

"घरी दिवा तू लावशील ना?"

"तू आलीस की तूच लाव."

"मी काय विचारतेय, तू काय सांगतेस."

"लावीन," मी म्हटलं.

ती गेली त्या दिवशी सकाळपासून बोलत नव्हती. दुपारी डॉक्टर येऊन गेले आणि माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. शेवटी कानात शेमा म्हणायचा असतो, म्हणजे देव एक आहे एवढंच सांगणारी प्रार्थना. ती आईनेच मला झोपताना शिकवलेली. वॉर्ड भरलेला. शेजारच्या बाईकडे सुरगाण्याहून माणसं आली होती, पायरीवर बसावं तशी पलंगाभोवती बसून बघत होती. मी वाकून म्हणायला लागले. तिच्या कानात मशीनचा आवाज जात होता, म्हणून मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने. सगळा वॉर्ड गप्प झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी ते शब्द चारचौघांत म्हणत होते आणि मला कोणाचीही लाज वाटत नव्हती. एवढ्याशा गोष्टीसाठी आई किती वर्षं थांबली होती. ऐकू गेलं का तिला, ते मला माहीत नाही.

मामांना ठाण्याला फोन केला. ते म्हणाले, आम्ही गाडी घेऊन निघतो, दफन इकडेच करू, तू आधी घरी जाऊन भावोजींना सांग. रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. एकही पुरं झालं नाही.

दार उघडलं. मेझुझाला हात लावला. बाबा खुर्चीत होते, अंगात तोच निळा शर्ट. माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. चप्पल काढली. स्वयंपाकघरात गेले. सकाळी मी ठेवलेला रिकामा हंडा नळाखाली तसाच होता.

मी नळावर हात ठेवला. सोडला असता तर बाबांना ती संध्याकाळ मिळाली असती. काय म्हणत होती, असं त्यांनी विचारलं असतं, आणि मामा येईपर्यंत मी काहीतरी सांगितलंही असतं. डाळीचं. शेजारच्या बाईचं. नळ अर्धाच फिरवायचा होता. माझा हात तिथेच राहिला. फ्रीज घरघरत होता. बाहेर हॉलमध्ये पेपर हलत नव्हता.

मग खुर्ची करकरली. बाबा दारात आले. त्यांनी हंड्यात डोकावून पाहिलं. मग ओट्याच्या कडेला असलेला भरलेला माठ पाहिला आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी घातली. मूल उचलावं तसा उचलायला गेले, उचलेना.

"एकट्याला नाही जमणार," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी धरला. मोरीत नको, दाराशी, असं त्यांनी मानेनेच सांगितलं. पाणी हिंदकळत आमच्या कपड्यांवर येत होतं. उंबऱ्यापाशी येऊन आम्ही माठ तिरका केला. पाणी जिन्यावरून पायरी पायरीने खाली गेलं.

"अरे, कोण पाणी सोडतंय जिन्यात?" खालून काकूंचा आवाज आला. "उद्या पाणी नाही येणार, कळत नाही का कोणाला?" त्या पदर खोचून तरातरा वर आल्या आणि वळणावर थांबल्या. बाबांच्या हातात उलटा माठ होता. काकूंना आमची पद्धत कोणी सांगितलेली नव्हती. तरी त्यांनी खोचलेला पदर सोडला. पाण्यात उभ्या राहिल्या, मग उलट्या पावली खाली गेल्या. थोड्या वेळाने पाण्याने भरलेली कळशी आणि दोन पेले आमच्या दाराशी ठेवून, डबीला हात लावून गेल्या.

बाबा आत गेले. त्यांनी निळा शर्ट काढला, घडी घातली, उशीखाली ठेवला. कपाटातला रेल्वेचा एक पांढरा शर्ट चढवला आणि माझ्यासमोर उभं राहून तो फाडला. कापड जुनं, सहज फाटलं.

"जुनाच घेतलाय," ते म्हणाले. मला नव्हे.

माझ्या कुर्त्याला मामींनी संध्याकाळी डाव्या बाजूला ब्लेडने चीर दिली, पुढचं मी फाडलं. बाबांचा शर्ट महिन्याने मी शिवला. माझा कुर्ता तसाच आहे.

शुक्रवारचा दिवा आता मी लावते. शब्द मोठ्याने म्हणते. यंदा द्राक्षं आली तेव्हा गाडीपाशी उभी राहून मणी हातात धरला, पण गाडीवाला दुसराच होता, त्याने काही विचारलं नाही.

हंडा आता रोज सकाळी एकदाच भरते. तो रिकामा ठेवायचं काही कारण उरलेलं नाही आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याला येता-जाता काकूच पाणी घालतात. नळ सोडला की हॉलमध्ये पेपरची सळसळ थांबते. खणखणाट होतो, मग आवाज बारीक होत जातो, काठाशी आला की मी नळ बंद करते. बाबा मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत असतात. मी डाळ-तांदळाचे डबे उगाच सरकवत तिथेच उभी राहते. थोड्या वेळाने ते पान उलटतात.